युरोव्हिजनमध्ये गाणे जिंकते की झगमगाट? निकाल स्वतः पडताळण्याची रीत

दर मे महिन्यात, मुख्यतः युरोपातील देश आपापले एक गाणे घेऊन उतरतात ती युरोव्हिजन गीतस्पर्धा संपली की एक जुना वाद ठरल्यासारखा उकरून काढला जातो. एक पक्ष म्हणतो की या स्पर्धेत गाणे कोणी ऐकतच नाही, धूर, ज्वाळा आणि चकाकते पोशाख यांनाच गुण मिळतात. दुसरा पक्ष लगेच सांगतो की पियानोशी बसून शांतपणे गाणारेही इथे जिंकले आहेत. उदाहरणे दोघांकडेही भरपूर असल्यामुळे वाद मिटत नाही आणि पुढच्या वर्षी तीच उदाहरणे पुन्हा बाहेर पडतात. वास्तविक कोणत्याही एका वर्षाची स्पर्धा घेऊन तिचा निकाल कशामुळे लागला हे घरबसल्या बऱ्यापैकी तपासता येते. त्यासाठी संगीताच्या शिक्षणाची गरज नाही, एक वही, बरे हेडफोन आणि तीन मोकळ्या संध्याकाळी पुरतात. मात्र कामांचा क्रम पाळावा लागतो, कारण एकदा चित्र डोळ्यांसमोर आले की ते पुसून नुसते गाणे ऐकणे कोणालाच जमत नाही.

नियम आधी

तपासणीला बसण्यापूर्वी या स्पर्धेत ‘संगीत’ म्हणून नेमके काय ऐकू येते हे ठाऊक असले पाहिजे. पहिली स्पर्धा २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे झाली. तिच्यात सात देशांनी प्रत्येकी दोन गाणी सादर केली आणि यजमान देशाची लिस असिया विजयी झाली. स्पर्धा भरवणारी युरोपीय प्रसारण संघटना ही दूरचित्रवाणी आणि नभोवाणी संस्थांची संघटना आहे, त्यामुळे ‘पूर्वी शुद्ध संगीत होते, आता बाजार झाला’ ही तक्रार सुरुवातीलाच बाजूला ठेवावी. ही स्पर्धा जन्मापासून पडद्यासाठी आहे. पडद्यावर दाखवण्याजोगे तेव्हा फार थोडे होते, एवढाच फरक.

आजच्या नियमांप्रमाणे गाणे तीन मिनिटांपेक्षा मोठे चालत नाही, मंचावर सहापेक्षा जास्त माणसे चालत नाहीत आणि जिवंत प्राणी तर मुळीच चालत नाहीत. मुख्य गायकाने प्रत्यक्ष गायचे असते, वाद्यांचा भाग मात्र आधी ध्वनिमुद्रित केलेला असतो. १९९८ मध्ये बर्मिंगहॅम येथे प्रत्यक्ष वाद्यवृंद शेवटचा वाजला, त्यानंतर तो गेला तो गेलाच. म्हणजे मंचावर जी गिटार किंवा जे ड्रम दिसतात ती ऐकण्याची नव्हे, पाहण्याची वस्तू असते. वादकाचे कौशल्य मोजण्याचा प्रश्नच उरत नाही. २०२१ पासून साथीच्या गायकांचे आवाजही ध्वनिमुद्रित ठेवण्याची मुभा आहे. तेव्हा आपल्या वहीत ‘संगीत’ या रकान्याखाली दोनच गोष्टी मावतात, रचना आणि मुख्य गळा. बाकी सगळे नेपथ्याच्या रकान्यात जाते. बारा जणांचा कोरस ऐकू आला आणि मंचावर तिघेच दिसले, तर गोंधळून जाण्याचे कारण नाही.

दुसरा समज याहून जास्त फसवा आहे. प्रत्येक देशाच्या परीक्षक मंडळाचे गुण आणि त्याच देशातील प्रेक्षकांच्या मतांचे गुण असे दोन समान भाग अंतिम निकालात धरले जातात. यावरून परीक्षक संगीताला गुण देतात आणि प्रेक्षक भपक्याला, असे सर्रास बोलले जाते. परंतु परीक्षकांना जे निकष दिलेले असतात ते चार आहेत: रचना व तिचे नावीन्य, मंचावरील सादरीकरणाचा दर्जा, गायकाच्या आवाजाची कुवत आणि एकूण सादरीकरणाची छाप. चारांपैकी दोन निकषांत डोळ्यांचा वाटा उघड आहे, आणि तो तिथे नियमानेच दिलेला आहे. शिवाय परीक्षक अंतिम फेरी पाहून गुण देत नाहीत. आदल्या रात्री होणाऱ्या दुसऱ्या रंगीत तालमीवर ते गुण देतात. त्यामुळे शनिवारच्या अंतिम फेरीत गायकाचा सूर घसरला किंवा उलट त्याने कमाल केली, तर त्याचा परिणाम फक्त प्रेक्षकांच्या निम्म्या भागावर होतो. ‘एवढे छान गायला तरी परीक्षकांनी कसे डावलले’ असे म्हणण्यापूर्वी ही गोष्ट आठवावी.

पहिली संध्याकाळ: फक्त कान

एक वर्ष निवडावे. शक्यतो असे वर्ष घ्यावे ज्याचा विजेता आपल्याला आठवत नाही. घरातल्या कोणाला तरी त्या वर्षीच्या अंतिम फेरीतील दहा गाण्यांची ध्वनिमुद्रित आवृत्ती एका यादीत लावून देण्यास सांगावे. त्यांपैकी काही वरच्या क्रमांकांची, काही तळाची आणि काही मधली असावीत, आणि देशाचे नाव किंवा क्रमांक आपल्याला कळू नये. चालू वर्षाची गाणी तपासायची असतील तर मार्चच्या उत्तरार्धात बहुतेक सर्व गाणी जाहीर झालेली असतात. तेव्हाच ऐकून घ्यावीत आणि मेपर्यंत त्यांच्या चित्रफितींकडे वळू नये. हा संयम वाटतो तितका सोपा नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

प्रत्येक गाणे फोन पालथा ठेवून दोनदा ऐकावे. पहिल्या वेळी काहीही लिहू नये. दुसऱ्या वेळी तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. गाण्याची अशी कोणती एक ओळ किंवा स्वरांची लड आहे जी एकदा ऐकून गुणगुणता येते? गाणे कुठे वळते, म्हणजे शेवटच्या मिनिटात आधी न ऐकलेले काही येते की ध्रुवपदच अधिक मोठ्या आवाजात परत येते? आणि गायकाचा गळा रचनेला पुरतो की रचना गळ्याच्या मापाने कापलेली आहे? तीन मिनिटांच्या मर्यादेमुळे दुसरा प्रश्न इथे फार महत्त्वाचा ठरतो. आपल्याकडील मैफलीत राग उलगडायला जो अवकाश मिळतो त्याचा विसावा हिस्साही इथे नसतो, म्हणून रचनाकाराने पहिल्या मिनिटातच ध्रुवपद आणलेले असते आणि उरलेल्या दोन मिनिटांत काय करायचे हा त्याच्यापुढचा खरा पेच असतो. दुबळ्या रचना नेमक्या तिथेच उघड्या पडतात, आणि ज्वाळाही पुष्कळदा नेमक्या तिथेच सोडल्या जातात.

भाषा कळत नाही म्हणून गुण कापू नयेत. १९९९ पासून कोणत्याही भाषेत गाण्याची मोकळीक आहे आणि बरेच देश इंग्रजी निवडतात, त्यामुळे कानाला ओळखीची वाटणारी भाषा असलेले गाणे नकळत वरचढ ठरते. दुसऱ्या ऐकण्यानंतर शब्दांचा अनुवाद वाचावा, त्याआधी नाही. मग दहापैकी गुण द्यावेत, पान दुमडावे आणि त्या गुणांना पुन्हा हात लावू नये.

तासाभराने, जेवताना किंवा भांडी आवरताना, जे गाणे आपोआप तोंडात येईल त्याच्यापुढे एक खूण करावी. ही खूण अनेकदा गुणांपेक्षा खरी निघते.

दुसरी संध्याकाळ: फक्त डोळे

आता त्याच गाण्यांच्या अंतिम फेरीतील चित्रफिती आवाज बंद करून पाहाव्यात. हा प्रकार पहिल्यांदा हास्यास्पद वाटतो, कारण आवाजाविना बहुतेक नृत्ये व्यायामासारखी दिसतात. पण याच वेळी लक्षात येते की कॅमेरा गायकाच्या चेहऱ्यावर किती वेळ थांबतो, मागचा पडदा किती काम करतो आणि कोणत्या क्षणी काहीतरी फुटते, पेटते किंवा उडते.

या संध्याकाळी एकच प्रश्न खरा महत्त्वाचा आहे. हेच नेपथ्य दुसऱ्या गाण्याखाली लावले तर चालेल का? चालत असेल तर ती नुसती सजावट आहे. चालत नसेल तर ते नेपथ्य गाण्याचाच भाग झाले आहे आणि त्याला भपका म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे होईल. २००६ मध्ये रशियाच्या डिमा बिलानने आपल्या सादरीकरणात पियानोमधून एक नर्तिका वर येताना दाखवली. ती दुसऱ्या कोणत्याही प्रेमगीतात तितक्याच सहजपणे वर आली असती. त्याला दुसरा क्रमांक मिळाला. २००८ मध्ये तोच गायक पुन्हा आला तेव्हा त्याच्याबरोबर एव्हगेनी प्लुशेन्को हा ऑलिंपिक विजेता स्केटर छोट्याशा कृत्रिम बर्फावर गिरक्या घेत होता आणि एडविन मार्टन व्हायोलिन धरून उभा होता. या वेळी तो जिंकला. बर्फाचा त्या गाण्याशी संबंध काय, याचे समाधानकारक उत्तर मला आजतागायत सापडलेले नाही.

याउलट १९८१ मध्ये डब्लिन येथे जिंकलेल्या ब्रिटनच्या बक्स फिझ या चौकडीचे पाहावे. त्यातील दोन गायकांनी आपल्या साथीदार गायिकांचे लांब घागरे ओढून काढले आणि आतले आखूड घागरे दिसले. ही युक्ती उथळ म्हणून आजवर हिणवली जाते. पण ‘आणखी काही पाहायचे असेल तर’ अशा अर्थाच्या ओळीवर तो ओढा नेमका बसवलेला होता, म्हणजे शब्द आणि कृती एकाच वेळी फुटत होत्या. दुसऱ्या कोणत्याही गाण्यात ती जागा सापडली नसती. ते पश्चिम जर्मनीपेक्षा अवघ्या चार गुणांनी जिंकले, आणि ते चार गुण त्या घागऱ्यांचेच होते असे म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. मुद्दा एवढाच की युक्ती स्वस्त असली तरी ती त्या गाण्याचीच होती.

साधेपणा हेही नेपथ्यच असते, आणि या संध्याकाळी ते विशेष बारकाईने पाहावे. २०१७ मध्ये कीव्ह येथे पोर्तुगालचा सल्वादोर सोब्राल जिंकला. त्याची बहीण लुईझा हिने लिहिलेले ते गाणे पोर्तुगीजमध्ये होते, त्यात नर्तक नव्हते, ज्वाळा नव्हत्या, आणि त्याला मिळालेले ७५८ गुण हा आजही उच्चांक आहे. जिंकल्यावर मंचावरूनच त्याने सांगितले की संगीत म्हणजे आतषबाजी नव्हे, भावना आहे. त्याचे ते बोलणे ‘गाणेच जिंकते’ या पक्षाचे ब्रीदवाक्य झाले. पण आवाज बंद करून ती चित्रफीत पाहिली की वेगळेच काही दिसते. मोठा मंच मोकळा सोडून तो प्रेक्षकांच्या मधोमध असलेल्या छोट्या गोल मंचावर एकटा उभा होता. मोठ्या सभागृहातून एक खोली कापून काढल्यासारखे ते दृश्य होते. कॅमेरा त्याच्या हातांच्या विचित्र, अवघडलेल्या हालचालींवर थांबत होता. हा निर्णय कोणीतरी विचार करूनच घेतला असणार, आणि तोच गायक मुख्य मंचावर पडद्याच्या झगमगाटासमोर उभा असता तर तेच गाणे हरवून गेले असते असे मला वाटते.

तिसरी संध्याकाळ: दोन्ही एकत्र

आता आवाजासह पाहावे आणि तिसऱ्यांदा गुण द्यावेत. वहीत एका गाण्यापुढे तीन आकडे होतील: ऐकून, पाहून आणि दोन्ही मिळून. तिसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच वर गेला तर नेपथ्याने गाण्याला उचलले. तो खाली आला तर एक तर गळा प्रत्यक्षात टिकला नाही किंवा चित्राने गाण्याचा गळा दाबला. यांपैकी कोणते झाले हे ठरवण्यासाठी डोळे मिटून तीच चित्रफीत परत ऐकावी.

इटलीच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. तिथला प्रतिनिधी बहुधा सॅनरेमो महोत्सवातून येतो. १९५१ मध्ये सुरू झालेल्या आणि युरोव्हिजनला प्रेरणा देणाऱ्या या महोत्सवात अजूनही प्रत्यक्ष वाद्यवृंदाबरोबर गायले जाते. त्यामुळे तेच गाणे, तोच गायक, पण दोन वेगळे मंच असा आयता प्रयोग हाती येतो. २०२१ चा विजेता रॉक चमू मोनेस्किन दोन्ही ठिकाणी पाहावा. सॅनरेमोत वाद्यवृंदासह गाणे किती भरते आणि रॉटरडॅममध्ये ज्वाळांसह किती भरते, याची तुलना करताना नेपथ्याचे वजन किती हे तराजूत घातल्यासारखे कळते.

निकालाचे दोन रकाने

वहीतले काम झाल्यावरच निकाल उघडावा. २०१६ पासून परीक्षकांचे आणि प्रेक्षकांचे गुण वेगवेगळे जाहीर होतात. प्रत्येक देशाचे परीक्षक आणि प्रेक्षक आपापल्या पसंतीच्या दहा गाण्यांना १२, १०, ८ आणि पुढे १ पर्यंत गुण देतात. ही श्रेणी १९७५ पासून चालत आली आहे आणि आकडे वाचताना ती सतत लक्षात ठेवावी लागते, कारण अकराव्या पसंतीला काहीच मिळत नाही. सगळीकडे बऱ्यापैकी आवडलेले पण कुठेही पहिल्या दहांत न बसलेले गाणे कोरडेच राहते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण २०२५ चे आहे. बासेल येथे यजमान स्वित्झर्लंडच्या झोए मे हिने फ्रेंचमध्ये एक हळुवार गाणे गायले. मंचावर ती एकटी होती, तिच्याशिवाय पाहण्यासारखे फारसे काही नव्हते, होता तो तिच्याभोवती फिरणारा कॅमेरा. परीक्षकांनी तिला २१४ गुण देऊन आपल्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर बसवले. प्रेक्षकांकडून तिला शून्य मिळाले. वरवर पाहता ‘गाणे हरले, भपका जिंकला’ याचा हा पुरावाच वाटतो. पण या शून्याचा अर्थ तिला कोणी मत दिले नाही असा नाही. एखाद्याला एखादे गाणे इतके आवडले की तो पैसे खर्चून मत देईल, असे लोक कोणत्याही देशात पुरेसे निघाले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षक सगळी गाणी क्रमाने लावतात, म्हणून सर्वांना आवडणारे गाणे त्यांच्याकडे वर येते. प्रेक्षक फक्त आपल्या लाडक्याला मत देतात, म्हणून थोड्यांना वेड लावणारे गाणे त्यांच्याकडे वर येते. हा फरक संगीत आणि नेपथ्य यांच्यातला नसून मोजण्याच्या पद्धतीतला आहे, आणि या विषयावरच्या निम्म्या चर्चा तो न ओळखल्यामुळे फसतात.

हे पटत नसेल तर २०२३ चे लिव्हरपूल पाहावे. स्वीडनच्या लोरीनला परीक्षकांचे ३४० आणि प्रेक्षकांचे २४३ मिळून ५८३ गुण मिळाले आणि ती जिंकली. फिनलंडच्या केरियाला प्रेक्षकांनी ३७६ गुण दिले, परीक्षकांनी १५०, आणि तो दुसरा आला. तेव्हा कित्येकांनी हा संगीताचा विजय ठरवला. पण आपल्या दुसऱ्या संध्याकाळचे पान काढून पाहावे. लोरीन एका प्रचंड प्रकाशमान फळीखाली, दोन पाट्यांच्या मध्ये दबल्यासारखी गात होती. केरिया लाकडी पेटीतून बाहेर पडून चमकत्या हिरव्या बाह्यांनिशी नाचत होता. दोघांचाही खेळ डोळ्यांचाच होता. परीक्षकांनी एका झगमगाटापेक्षा दुसरा झगमगाट पसंत केला, तो अधिक घोटीव होता म्हणून, आणि सोबत गळाही अधिक पक्का होता म्हणून.

२०१५ चे व्हिएन्ना तर प्रचलित समज पुरता उलटा करते. विजेता स्वीडनचा मोन्स झेल्मरलव्ह मागच्या पडद्यावरील रेखाटलेल्या छोट्या माणसाशी खेळत, हातवारे जुळवत गात होता. त्या तंत्राची तेव्हा सगळीकडे वाहवा झाली. इटलीचे इल वोलो हे तीन तरुण गायक मात्र सूट घालून उभ्या उभ्या, ऑपेराच्या वळणाने गळा मोकळा सोडत होते. परीक्षकांचा पहिला क्रमांक स्वीडनला गेला आणि प्रेक्षकांचा पहिला क्रमांक इटलीला, म्हणजे गळ्याला मत दिले ते लोकांनी आणि तंत्राला दिले ते जाणकारांनी. इटली एकूण तिसरी आली.

२०२४ मध्ये माल्मो येथे स्वित्झर्लंडच्या नेमोने परीक्षकांचे ३६५ आणि प्रेक्षकांचे २२६ गुण मिळवले, तर क्रोएशियाच्या बेबी लझान्याने प्रेक्षकांचे ३३७ मिळवूनही परीक्षकांच्या २१० वर त्याला थांबावे लागले. नेमो एका फिरत्या, कलत्या चकतीवर तोल सांभाळत ऑपेरा, रॅप आणि वेगवान ताल एका दमात गात होता. तोल आणि गळा यांची ती कसरत गाण्याच्या आशयातूनच आलेली असल्यामुळे संगीताचे गुण कुठे संपतात आणि नेपथ्याचे कुठे सुरू होतात हे सांगणे मला तरी जमले नाही. २०२५ चा ऑस्ट्रियाचा विजेता जे. जे. याच वर्गातला. काळ्या-पांढऱ्या वादळात हेलकावणारी छोटी होडी, आणि तिच्यातून येणारा अतिउच्च पट्टीतला शास्त्रीय पुरुषी गळा. त्याला परीक्षकांचे २५८ आणि प्रेक्षकांचे १७८ मिळाले. अलीकडच्या विजेत्यांचा हाच साचा दिसतो. नुसते नेपथ्य वरच्या पाचांपर्यंत नेते, नुसता गळा परीक्षकांच्या यादीत वर नेतो, आणि दोन्ही एकमेकांत विणले गेले तर बहुधा चषक मिळतो. कधी कधी दोन्ही याद्यांत पहिला नसलेलाही जिंकतो. २०१६ मध्ये युक्रेनची जमाला दोन्हीकडे दुसरी होती, परीक्षकांची पहिली पसंती ऑस्ट्रेलिया आणि प्रेक्षकांची रशिया होती, तरी बेरजेत ती ५३४ गुणांनी पुढे गेली.

जे गुण कशातच बसत नाहीत

काही गुण संगीताचेही नसतात आणि नेपथ्याचेही नसतात. ते आधीच बाजूला काढून ठेवावेत, नाहीतर सगळा हिशेब चुकतो. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत स्पर्धा झाली आणि युक्रेनच्या कलुश ऑर्केस्ट्राला प्रेक्षकांनी ४३९ गुण दिले, जो प्रेक्षकांच्या गुणांचा उच्चांक आहे. परीक्षकांच्या यादीत ते चौथे होते. ते वर्ष या तपासणीसाठी निवडूच नये. २०२५ मध्ये इस्रायलला प्रेक्षकांचे २९७ आणि परीक्षकांचे केवळ ६० गुण मिळाले. त्यानंतर काही प्रसारकांनी मतदानाच्या पद्धतीवर प्रश्न उपस्थित केले आणि नोव्हेंबरमध्ये एका वेळी देता येणाऱ्या मतांची मर्यादा २० वरून १० वर आणली गेली, तसेच परीक्षकांची संख्या प्रत्येक मंडळात पाचाहून सात करण्यात आली.

शेजारी देश आणि स्थलांतरित लोकसंख्या यांचाही वाटा असतो. पूर्ण प्रेक्षकमतांच्या काळात तो इतका डोळ्यांत येऊ लागला की २००९ पासून अंतिम फेरीत परीक्षकांना परत आणावे लागले. शिवाय २०१३ पासून गाण्यांचा क्रम चिठ्ठ्यांऐवजी निर्माते ठरवतात. उशिरा येणारे गाणे मत देताना ताजे असते. म्हणून आपल्या वहीत गाण्याचा क्रमांक लिहून ठेवावा आणि दुसऱ्या-तिसऱ्या जागी गायलेल्या गाण्याकडे थोड्या उदार नजरेने पाहावे.

वर्ष उलटल्यावर

निकालाची शहानिशा करणारी आणखी एक कसोटी आहे, पण तिला वेळ द्यावा लागतो. मंच, पोशाख आणि मते सगळे विसरले गेल्यावर गाणे शिल्लक आहे का? १९५८ मध्ये इटलीच्या दोमेनिको मोदुन्यो याचे निळ्या आकाशात उडण्याचे गाणे तिसरे आले. पुढच्या वर्षी पहिल्याच ग्रॅमी समारंभात त्याला वर्षातील सर्वोत्तम गीताचा आणि ध्वनिमुद्रणाचा असे दोन्ही मोठे पुरस्कार मिळाले, आणि ते आजही जगभर गायले जाते. २०२२ मध्ये आर्मेनियाच्या रोझा लिनचे गाणे अंतिम फेरीत विसावे आले आणि काही महिन्यांत छोट्या चित्रफितींच्या समाजमाध्यमांतून जगभर पसरले. २०१९ चे नेदरलँड्सच्या डंकन लॉरेन्सचे विजयी गीतही असेच दोन वर्षांनी अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत शिरले. त्या वर्षी तो पियानोशी बसून गायला होता. तेव्हा वर्षभरानंतर जुनी वही उघडून, पहिल्या संध्याकाळी खूण केलेली गाणी चित्राविना परत ऐकावीत. त्यांतली काही ओळखूसुद्धा येत नाहीत, हा अनुभव थोडा खजील करणारा असतो.

भारतातून पाहणाऱ्यासाठी

भारत या स्पर्धेत नाही, पण २०२३ पासून स्पर्धेत नसलेल्या देशांतील प्रेक्षकांची मते ‘उर्वरित जग’ या नावाने एका देशाइतकी धरली जातात आणि ती पैसे भरून संकेतस्थळावरून देता येतात. अंतिम फेरी मध्य युरोपच्या वेळेनुसार शनिवारी रात्री नऊला सुरू होते, म्हणजे आपल्याकडे रविवार लागून साडेबारा झालेले असतात, आणि कार्यक्रम चारच्या पुढे जातो. जागायचे असेल तर मत देण्याची घाई करू नये. सगळी गाणी संपल्यावर, पहिल्या संध्याकाळचे पान शेजारी ठेवून मत द्यावे, म्हणजे शेवटच्या ज्वाळांची धग मतात उतरत नाही.

पहिल्यांदा ही रीत वापरणाऱ्याने २००६ आणि २००७ ही लागोपाठची दोन वर्षे घ्यावीत. दोन्ही वेळा निकाल जवळजवळ सर्वस्वी प्रेक्षकांच्या मतांवर होता, त्यामुळे परीक्षकांचा गुंता फारसा नाही. २००६ मध्ये अथेन्सला फिनलंडचा लॉर्डी हा चमू राक्षसांचे मुखवटे आणि ज्वाळा घेऊन २९२ गुणांनी जिंकला. २००७ मध्ये त्याच फिनलंडच्या राजधानीत सर्बियाची मारिया शेरिफोविच काळ्या सुटात, पाच गायिकांसह, जवळपास जागेवर उभी राहून सर्बियन भाषेत गायली आणि २६८ गुणांनी जिंकली. तिच्या खाली दुसऱ्या क्रमांकावर युक्रेनचा वेर्का सेर्दुच्का होता, डोक्यावर चंदेरी तारा मिरवत, २३५ गुण घेऊन. लॉर्डीचे गाणे आधी मुखवट्यांशिवाय ऐकावे. ते धडधडीत, नेटके बांधलेले रॉक गाणे आहे आणि ध्रुवपद पहिल्याच वेळी तोंडात बसते. मग मारियाची चित्रफीत आवाज बंद करून पाहावी, आणि त्या पाच जणी कोणत्या क्षणी तिच्या जवळ सरकतात ते मोजावे.